कोअर आय७-७७००के : वेग टिकला, आधार सुटला

जानेवारी २०१७ मध्ये इंटेलने कोअर आय७-७७००के हा प्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा खेळांसाठी संगणक जुळवणाऱ्यांची पहिली पसंती त्यालाच होती. चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे धागे), ४.२ गिगाहर्ट्झचा मूळ वेग आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरत्या वाढीव वेगात, ४.५ गिगाहर्ट्झ एवढ्या बळावर तो कागदपत्रे, मोठे तक्ते आणि ब्राउझरचे असंख्य टॅब आजही विनातक्रार सांभाळतो. जोडीला एसएसडी आणि १६ जीबी रॅम असेल, तर रोजच्या कामात त्याचे वय सहसा जाणवत नाही. वय जाणवते ते व्हिडिओ रेंडर करताना, कारण तिथे कोअरची संख्या कमी पडते, आणि एव्ही१ या व्हिडिओ-संक्षेपण स्वरूपातील ४के चित्रफीत पाहताना, कारण ती उलगडणारी यंत्रणा या चिपमध्ये नाही.

हे उणेपण समजण्यासारखे आहे. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचे रायझन ७ आणले आणि ऑक्टोबरमध्ये इंटेलचाच सहा कोअरचा आय७-८७००के आला. प्रगती अशीच होते. मात्र इंटेलच्या या नव्या चिपचे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) तेच एलजीए ११५१ असूनही तिला ३०० मालिकेच्या चिपसेटचा (प्रोसेसर आणि इतर भागांचा मेळ घालणाऱ्या चिपचा) नवा मदरबोर्ड सक्तीचा करण्यात आला, हे मला अजूनही पटत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांनी, केवळ बायोस (मदरबोर्डची मूळ प्रणाली) अद्ययावत करून, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी स्वीकारला.

त्याहून मोठा घाव विंडोज ११ ने घातला. त्यासाठी लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा यंत्रणेची अट बहुतेक मदरबोर्डांवर बायोसमधील पीटीटी (इंटेलची अंगभूत टीपीएम सोय) सुरू करून पूर्ण होते, तरीही विंडोज ११ साठी मान्य प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत ७७००के नाही. त्याच केबी लेक, म्हणजे इंटेलच्या सातव्या, पिढीतील लॅपटॉपसाठीच्या आय७-७८२०एचक्यूला मात्र निवडक यंत्रांपुरता प्रवेश मिळाला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि सुस्थितीतले असंख्य संगणक एका यादीमुळे जुने ठरले.

ज्यांच्याकडे हा प्रोसेसर आहे, त्यांनी तो मोडीत काढू नये. लिनक्सवर तो उत्तम चालतो. विंडोजवाचून ज्यांचे काम अडते, त्यांनी मात्र वापरलेला ७७००के विकत घेण्याऐवजी किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर पाहावा, आणि तो घेताना मदरबोर्डचा चिपसेट आधी तपासावा.