आयटी सोडून नर्सिंग: अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचे ९ महिने झाले, कसं चाललंय सांगते

ओळखीतल्या चार-पाच जणींनी मागच्या दोन महिन्यांत हेच विचारलंय की आम्हालाही आयटी सोडून नर्सिंगला जायचंय, तू कुठला प्रोग्रॅम घेतलास आणि का. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी न्यू जर्सीत राहते, वय ३९, १२ वर्षं क्यूए टेस्टिंग (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं) केलं, इंजिनिअरिंग भारतात झालेलं, ग्रीन कार्ड आहे (हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल), एक मुलगी चौथीत. जानेवारीत १६ महिन्यांच्या एबीएसएनला (अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे नर्सिंगच्या बॅचलर्स डिग्रीचा जलद कोर्स) बसले, आता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे अर्ध्याच्या थोडी पुढे.

आईला सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मिरजेत वाढलीस, गल्लोगल्ली दवाखाने होते तेव्हा नाही सुचलं, त्यासाठी अमेरिकेला जावं लागलं होय गं?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाहीये.

तर मुद्द्याचं. जाहिरातीत लिहिलेले "१२ महिने" डोक्यातून काढून टाका. एबीएसएन म्हणजे ज्यांच्याकडे आधीच दुसऱ्या विषयातली बॅचलर्स आहे त्यांच्यासाठीचा कोर्स, साधारण १२ ते १८ महिन्यांचा, पण घड्याळ सुरू होतं ते प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करून घ्यायचे विषय, संपल्यावर. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी. मला वाटलं होतं इंजिनिअरिंगला केमिस्ट्री झालीय, गणित झालंय, निम्मं तर माफच होईल. आधी मार्कशीट डब्ल्यूईएसकडून (परदेशी शिक्षणाची तुलना करून देणारी संस्था) कोर्स-बाय-कोर्स तपासून घ्यावी लागते, त्यासाठी माझ्या भावाने ट्रान्स्क्रिप्टसाठी किती हेलपाटे घातले ते त्यालाच माहीत, आणि एवढं करून केमिस्ट्री नाकारली कारण बऱ्याच कॉलेजांना सायन्सचे विषय मागच्या ५ ते ७ वर्षांतलेच लागतात, माझी केमिस्ट्री २००४ ची! स्टॅटिस्टिक्स तेवढं घेतलं. मग नोकरी करत करत काउंटी कॉलेजात (इथलं स्थानिक सरकारी कॉलेज) संध्याकाळी एक अख्खं वर्ष. म्हणजे हिशोब असा, १२ अधिक १६, वर एनक्लेक्स (नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा) आणि लायसन्सचे दोन-तीन महिने. अडीच वर्षं धरा आणि मगच घरी बोला.

मी चार गोष्टी तोलून बघितल्या. पहिला एका खाजगी कॉलेजचा १२ महिन्यांचा, थिअरी ऑनलाइन, लॅब आणि क्लिनिकल (हॉस्पिटलातलं पेशंटसोबतचं शिक्षण) प्रत्यक्ष. नाव घेत नाही. एकदा वेबसाइटवर फोन नंबर टाकला आणि पुढचे तीन आठवडे रोज फोन, गोड बोलणारी बाई, "फक्त दोन सीट राहिल्यात". मी एकच विचारलं, क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात? शेवटपर्यंत सांगितलं नाही, नुसतं "तुमच्या भागात व्यवस्था होईल". तिथेच शिकणारी एक जण नंतर भेटली, तिला पहाटे पावणेसातला हजर राहायला एका बाजूचा पावणेदोन तासांचा ड्राइव्ह होता. फी साठ हजार डॉलरच्या पुढे. तिथेच विषय संपला.

दुसरा डायरेक्ट एन्ट्री मास्टर्स, म्हणजे दुसऱ्या विषयातल्या बॅचलर्सवरून थेट नर्सिंगचं मास्टर्स. आपल्याकडे मास्टर्स म्हटलं की लगेच कान टवकारतात, माझेही टवकारले होते. पण नीट वाचा बाई, यातले बरेचसे प्रोग्रॅम जनरलिस्ट आहेत, म्हणजे पास होऊन तुम्ही आरएनच (रजिस्टर्ड नर्स) होता, त्याच फ्लोअरवर, त्याच परीक्षेने, फक्त डोक्यावर मास्टर्सचं कर्ज. नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स) व्हायला पुढे वेगळं शिकावं लागतं. ज्यांना पुढे शिकवायचं वगैरे आहे त्यांना चालेल, मला नाही पटलं.

तिसरा काउंटी कॉलेजातला दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीवाला. खरं सांगू, पैशाचा विचार केला तर हाच सगळ्यात शहाणा पर्याय आहे आणि यावर आपल्या लोकांत कोणी बोलत नाही कारण "असोसिएट" ऐकून लाज वाटते. परीक्षा तीच, लायसन्स तेच. अडचण एवढीच की इकडची मोठी हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना आधी बघतात, आणि शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ पासून कायदाच आहे की नवीन आरएनने १० वर्षांत बॅचलर्स पूर्ण करायची. आमच्या काउंटीत वेटिंग होतं, नाहीतर मी कदाचित हेच घेतलं असतं.

चौथा घेतला, सरकारी युनिव्हर्सिटीचा १६ महिन्यांचा. घेतला कारण तीन हॉस्पिटलांची नावं त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितली आणि तिन्ही घरापासून ३५ मिनिटांच्या आत. सीसीएनईची मान्यता आहे (नसेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका, नर्सिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांपैकी एकीची मान्यता हवी, आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी). एनक्लेक्सचा पहिल्या फटक्यातला पास रेट सगळेच मिरवतात, पण त्याच्या जोडीला विचारायचं की आत किती आले आणि वेळेत बाहेर किती पडले. कच्ची मुलं कॉलेजच्याच शेवटच्या परीक्षेत अडकवून ठेवली की पास रेट आपोआप ९५ दिसतो. क्यूएमध्ये आम्ही फेल होणाऱ्या टेस्ट केस (एकेक तपासणी) यादीतूनच काढून टाकायचो आणि रिपोर्ट हिरवागार व्हायचा, अगदी तसंच.

पैशांचं लवकर सांगते. दुसऱ्या बॅचलर्सला पेल ग्रँट (सरकारची परत न फेडायची मदत) मिळत नाही, वाट बघू नका. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल लोन मिळतं पण वर्षाला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर, त्यात भागत नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर तेही नाही. आम्ही बाकीचं सेव्हिंगमधून घातलं आणि किचन रिमॉडेलिंग पुढे ढकललं, नवरा अजून त्या जुन्या कपाटांकडे बघून उसासे टाकतो.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. क्लिनिकलच्या आधी लसींचे टायटर (प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), ड्रग टेस्ट, बॅकग्राउंड चेक आणि टीबीची टेस्ट लागते. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, माझी आली, हात हा एवढा सुजला, मग एक्स-रे, मग पत्रं, पहिला क्लिनिकल दिवस हुकता हुकता राहिला. पहिल्यापासूनच क्वांटिफेरॉन रक्ततपासणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आता अभ्यास. पास व्हायला ७७ टक्के लागतात आणि राउंडिंग नाही, आमच्या बॅचमधला एक मुलगा ७६.८ वर नापास झाला. पाठांतराची मला भीती वाटत होती पण त्रास झाला तो प्रश्नांचा. चारही पर्याय बरोबर असतात, आणि विचारतात आधी काय कराल. पहिल्या फार्माकॉलॉजी पेपरला ६८ मिळाले, गाडीत बसून रडले. मग हळूहळू कळलं की हे आपल्या क्यूएमधल्या बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या चुकीच्या) सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीसारखंच आहे, जो जोरात ओरडतोय तो पेशंट आधी नाही, ज्याचा श्वास अडकतोय तो आधी.

डोसेज कॅल्क्युलेशन मात्र मी हसत हसत करेन असं वाटलं होतं, आकडेमोडच तर आहे. पहिल्या टेस्टला माझी दोन उत्तरं चूक धरली, दोन्ही आकडे बरोबर असून! एका ठिकाणी मी ५.० लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी शून्य न लावता नुसतं .५. प्रोफेसरबाईंनी माझ्याच पेपरवरचा तो टिंब अंगठ्याने झाकला आणि म्हणाल्या, वाच आता. ५० झाले होते. फॅक्समध्ये, घाईच्या अक्षरात तो टिंब नाही दिसला तर पेशंटला दहापट औषध जातं. म्हणून आधी शून्य लावायचं, शेवटी कधीच नाही. बारा वर्षं दोन डेसिमलपर्यंत आकडे लिहायची सवय, ती आता घरच्या दुधाच्या हिशोबातही सुटलीय.

क्लिनिकल आठवड्यातून दोन दिवस, पूर्ण १२ तासांची शिफ्ट. पाय दुखतात हे सगळेच सांगतात. मला जास्त लागलं ते वेगळंच. मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल वॉर्ड) एक मराठी आजी होत्या, हिपचं ऑपरेशन झालेलं, इंग्रजी जेमतेम. नर्सने टॅब्लेटवर इंटरप्रिटर लावला होता, कारण विद्यार्थ्यांनी भाषांतर करायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि तो बरोबरच आहे. वेदना शून्य ते दहामध्ये किती, तर आजी म्हणाल्या "जरासं". इंटरप्रिटरने प्रामाणिकपणे तेच सांगितलं आणि चार्टवर २ पडणार होतं. पण त्यांच्या हाताची मूठ बेडच्या कठड्याभोवती अशी आवळलेली की बोटं पांढरी, पल्स ११२. मी इन्स्ट्रक्टरना बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडची म्हातारी माणसं दुखतंय म्हणतच नाहीत, आणि मूठ बघा. पुन्हा विचारलं, या वेळी आकडा न विचारता, रात्री झोप लागली का, कूस बदलता येते का. तेव्हा आजी एकदम म्हणाल्या, "कसली झोप बाई, जीव जातोय." औषध मिळालं. जाताना म्हणाल्या, घरात कोणाला सांगू नकोस मी असं बोलले ते.

आत्तापर्यंतचं माझं मत विचाराल तर प्रोग्रॅमला पाचपैकी चार. एक कापला तो वेळापत्रकासाठी, पुढच्या सेमिस्टरचं क्लिनिकल कुठल्या वारी ते आठवडाभर आधी सांगतात, मुलीच्या आफ्टरकेअरचं काय करायचं हा तुमचा प्रश्न. नोकरी करत करत हे होणार नाही, मी पहिले सहा आठवडे पार्ट-टाइम कन्सल्टिंग चालू ठेवलं होतं आणि तेच ६८ चं मूळ कारण होतं. घरात दुसरं माणूस हवं, आमच्याकडे आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने होती म्हणून निभावलं, ती जूनच्या शेवटी गेली आणि जुलैत आम्ही किती वेळा फ्रोझन पराठे खाल्ले ते मोजलेलं नाही.

एनक्लेक्सचं नंतर लिहीन, मे संपल्यावर. ८५ ते १५० प्रश्न, कॉम्प्युटर मनात येईल तिथे थांबवतो म्हणे. सोमवारी पेडियाट्रिक्सचा पेपर आहे, लेकीच्या वह्यांच्या ढिगाखाली माझ्या नोट्स गेल्यात, त्या शोधायला उठते.