अ‍ॅप्रन सुती घ्यावा की टेरिकॉटचा?
सांगलीची वहिनी विचारत होती, पोरगी अकरावी सायन्सला गेलीय, लॅबसाठी कुठला घेऊ.

टेरिकॉट धुवायला सोपा, इस्त्री फारशी लागत नाही, पावसाळ्यातपण लवकर वाळतो, हे खरंय वहिनी. पण समोर बर्नर असतो ना! टेरिकॉटमधलं पॉलिस्टर साधारण २६० अंशाला वितळतं आणि कातडीला चिकटतं, सुती पेट घेतं पण असं वितळून चिकटत नाही. अ‍ॅसिडचं मात्र उलटं, तीव्र सल्फ्युरिक सुतीला भोक पाडतं, म्हणून सांडलं की अ‍ॅप्रन लगेच काढायचा आणि अंग नळाखाली धरायचं.

केमिस्ट्रीला जाड सुती, फुल बाह्यांचा, प्रेस बटणांचाच घ्या, झटकन निघतो. नुसतं मायक्रोस्कोपचं काम असेल तर टेरिकॉट चालेल.