एमटीबीला पुढे एक चेनरिंग की दोन? घाटात दोन्ही चालवून काय वाटलं

घरात सध्या दोन एमटीबी (माउंटन बाइक) आहेत, दोन्ही २९ इंची चाकाच्या. माझ्या सायकलला शिमानो कंपनीचा डिओर एम५१०० गिअरसेट आहे, म्हणजे पुढे पेडलपाशी ३२ दातांची एकच चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे ११ गिअरची ११-५१ कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा गठ्ठा, सगळ्यात लहान चकतीला ११ दात आणि मोठीला ५१. हिला पुढे सिंगल म्हणतो. दादाची सायकल थोडी जुनी, तिला पुढे ३६-२६ ची जोडी आणि मागे १० गिअरची ११-३६, म्हणजे डबल. पुण्याजवळच्या सिंहगडला आणि बोपदेव घाटात आम्ही सायकली बदलून चालवतो, त्यामुळे एकाच चढावर दोन्ही सेटअप पायाला कसे लागतात ते नीट कळलंय.

सायकल घ्यायला गेलं की दुकानात हमखास ऐकू येतं की अहो २० गिअर मिळतायत तर ११ कशाला घेता, चढाला हाल होतील. हे अजिबात पटण्यासारखं नाही आणि गणित करून बघितलं की लगेच लक्षात येतं. डबलमधला सगळ्यात हलका गिअर म्हणजे २६ ला ३६ (पुढचे दात आणि मागचे दात), भागिले तर ०.७२. सिंगलमधला ३२ ला ५१, म्हणजे ०.६३. म्हणजे चढाला सिंगलच जवळजवळ १३ टक्के हलका आहे! मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवत असाल तर डबलवर ताशी ६ च्या स्पीडने जायला लागतं, सिंगलवर ५.२ ला भागतं. आकडा बारीक वाटेल पण गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगड चढताना वरच्या टप्प्यात आतल्या बाजूने जी अवघड वळणं येतात ना, तिथे हाच फरक उतरायचं की बसून राहायचं ते ठरवतो. डबलवर मला त्या वळणांना उभं राहून पेडल मारायला लागतं, मागचं चाक ओल्या रस्त्यावर सटकतं, सिंगलवर सीटवर बसून शांतपणे गोल गोल फिरवत वर येता येतं आणि वर पोचल्यावर गुडघे बोलत नाहीत.

आणि ते २० गिअर सुद्धा खरे २० नसतातच. २६ ला १५ आणि ३६ ला २१ हे जवळपास एकच, २६ ला १७ आणि ३६ ला २४ पण तसंच. रिपीट काढले आणि चेन तिरकी पळते ते दोन्ही टोकांचे सोडले की हातात उरतात साधारण बारा-तेरा. एकूण रेंज (सगळ्यात जड गिअर हलक्याच्या किती पट) बघायची तर ही डबल ४५३ टक्के आणि ही सिंगल ४६४, म्हणजे सिंगलच किंचित पुढे.

पावसाळ्यात तर विषयच संपतो. बोपदेव चढून वर गेलं की कानिफनाथच्या बाजूला कच्चे रस्ते आहेत, पाऊस पडून गेल्यावर तिथली माती अशी चिकटते की टायर दुप्पट जाड दिसायला लागतो. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बसतो बरोबर मागच्या टायरच्या तोंडाशी, त्यामुळे सगळा चिखल त्याच्या पिंजऱ्यात जाऊन बसतो. मग हँडलवरचा शिफ्टर दाबला तरी चेन जागची हलत नाही, नाहीतर लहान चेनरिंगचे दात चेन खाली सोडतच नाहीत आणि ती वर ओढली जाऊन फ्रेममधे अडकते, काटकीने माती उकरत बसायचं. सिंगलमधे ही भानगडच नाही. चेनरिंगचे दात एक जाड एक बारीक असे असतात, चेनच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांमधे ते घट्ट बसतात, आणि मागच्या डिरेलरला क्लच असतो तो चेन ताणून धरतो, त्यामुळे दगडधोंड्यांवरून उतरताना चेन फ्रेमवर आपटत नाही आणि पडत पण नाही. चाक काढताना क्लचची ती छोटी खटकी बंद करायची आणि बसवलं की परत चालू, एवढं लक्षात ठेवा.

आता डबलची बाजू, कारण ती पण खरी आहे. आपल्याकडे एमटीबी घेणारे बरेच जण प्रत्यक्षात डांबरी रस्त्यावरच चालवतात, सकाळी हायवे नाहीतर ऑफिस. सपाटीवर ९० च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) ३२ ला ११ वर ताशी ३६ च्या आसपास मिळतात, त्याच्या पुढे पाय नुसते भिरभिरतात. ३६ ला ११ वर ४० मिळतात. पण टॉप स्पीडपेक्षा मला खटकतं ते मधलं अंतर. ११-५१ मधे १५ नंतर थेट १८, म्हणजे त्याच केडन्सला ताशी २६ वरून एकदम २२, आणि समोरून वारा असला की नेमका मधला गिअर हवा असतो तो नाही. ११-३६ मधे १५, १७, १९, २१ असे जवळ जवळ गिअर आहेत, लांबच्या राइडला पायांना ते फार सुखाचं पडतं. सामान लादून कोकणात किनाऱ्याच्या रस्त्याने जाणार असाल तर मी डबलच सांगेन, फक्त मागे ११-४२ घ्या म्हणजे हलका गिअर सिंगलइतकाच मिळतो आणि वर ताशी ४० पण राहतात. मात्र डबलवर चालवताना एका चेनरिंगवरून दुसरीवर गेलं की मागे पण दोन गिअर सावरून घ्यायला लागतात, चढ अचानक आला तर नवीन माणसाची तिथे धांदल उडते.

माझं मत स्पष्ट आहे, घाट आणि कच्चा रस्ता असेल तर सिंगल डोळे झाकून घ्या. वजन जास्त असेल किंवा नुकतंच चालवायला लागला असाल तर ३२ च्या ऐवजी ३० लावा, सपाटीवरचे दोन-अडीच किलोमीटर जातील पण चढ सुसह्य होईल.

जुनी डबल बदलून सिंगल करायची असेल तर घाई नको. मागच्या चाकाचा हब (ज्यावर कॅसेट बसते तो मधला भाग) नेहमीच्या एचजी प्रकारचा असेल तर ११ गिअरची ११-५१ कॅसेट त्यावर थेट बसते, पण १२ गिअरची शिमानोची १०-५१ बसत नाही, तिला मायक्रोस्प्लाइन नावाच्या वेगळ्या खाचांचा हब लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. कॅसेट, चेन, क्लचवाला डिरेलर, ११ चा शिफ्टर आणि चेनरिंग हे सगळं एकदम बदलायला लागतं, अर्धवट करून चालत नाही. चेनरिंग मागवायच्या आधी क्रँकवर (पेडलचा दांडा) चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळात बसतात त्याचा व्यास ९६ मिमी आहे की १०४ ते बघून घ्या. डिरेलरचा हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो तुकडा) गेजने सरळ करून घ्या, एवढ्या मोठ्या कॅसेटला तो जरा जरी वाकडा असेल तरी गिअर कुरकुरतात. चेन चेकरवर (चेन किती ताणलीय ते मोजायचं साधन) ०.५ दाखवली की चेन बदलून टाका, ताणलेली चेन तशीच चालवली तर कॅसेट खाते आणि सिंगलमधे सगळ्यात महाग पार्ट तोच असतो.