तुरट, गोड की आंबट: पारंपरिक सायडर निवडताना

कॅनमधला गोड, बर्फावर ओतलेला सायडर पिऊन झाला आणि आता जुन्या पद्धतीने बनवलेला खरा सायडर चाखायचा आहे, अशा माणसाला पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची याचा. जाणकारांच्या बोलण्यात तीन प्रदेश हमखास येतात: इंग्लंडचा पश्चिम भाग, फ्रान्समधला नॉर्मंडी-ब्रिटनीचा पट्टा आणि उत्तर स्पेन. तिन्हीकडे सफरचंदाचा रसच आंबवतात, पण ग्लासात येतं ते इतकं निराळं की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली बाटली फ्रेंच घ्यावी, पण आयुष्यभर रमावं ते इंग्लिश सायडरमध्ये.

इंग्लिश सायडरचं वेगळेपण त्याच्या सफरचंदातच आहे. सॉमरसेट, हेरफर्डशर, ग्लॉस्टरशर या भागांत जी झाडं लावतात त्यांची बरीचशी फळं नुसती खाववत नाहीत, इतकी तुरट असतात. ब्रिस्टॉलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या फळांची वर्गवारी ठरली, ती आजही वापरात आहे. रसात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, 0.2 टक्क्यांच्या वर असेल तर फळ कडवट-तुरट, आणि आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर असेल तर आंबट. डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल या जातींत टॅनिन भरपूर, आंबटपणा बेताचा. किंग्स्टन ब्लॅक आणि फॉक्सव्हेल्प यांत दोन्ही ठासून भरलेलं, म्हणून किंग्स्टन ब्लॅकचा सायडर दुसरं कुठलंही फळ न मिसळता बनवता येतो.

शरद ऋतूत रस काढायचा आणि फळांवर, यंत्रांवर, पिंपांत असलेल्या नैसर्गिक यीस्टच्या भरवशावर तो हिवाळाभर आंबू द्यायचा, ही इथली जुनी रीत. साखर जवळजवळ सगळी संपते, अल्कोहोल 6 ते 8 टक्क्यांपर्यंत जातं आणि मागे उरतो तुरटपणा. दूध न घालता फार वेळ उकळलेल्या चहासारखी जीभ आवळते. पहिल्या घोटाला काही जण तोंड वाकडं करतात. पण पेला संपत आला की त्याच तुरटपणात सालीचा, लाकडाचा, कधी लवंगेसारखा तर कधी धुरकट वास सापडायला लागतो. हा मसालेदार-धुरकट वास मुख्यतः जिवाणूंचं काम. आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करता करता ते रसातल्या फिनॉलिक द्रव्यांवरही काम करतात. थोडा असला तर फार सुंदर, जास्त झाला तर तबेल्याची आठवण येते. ही रेषा कोण कुठे आखतो त्यावरून बनवणाऱ्याची ओळख पटते. हेरफर्डशरमधले टॉम ऑलिव्हर वेगवेगळ्या पिंपांतला सायडर मिसळून तोल साधण्यासाठी नावाजले जातात. रॉस-ऑन-वायचा सायडर एकाच जातीच्या फळांच्या बाटल्यांसाठी आणि लाकडी पिंपांत मुरवण्यासाठी ओळखला जातो. सॉमरसेटमध्ये बरो हिलचा किंग्स्टन ब्लॅक बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेला असतो, त्यामुळे तुरटपणाला बुडबुड्यांची साथ मिळते. इंग्लिश चवीचा बिचकत बिचकत अंदाज घ्यायचा असेल तर हा शेवटचा पर्याय चांगला.

इथे लेबल नीट वाचावं लागतं. ब्रिटिश नियमानुसार 35 टक्के रस असला तरी पेयाला सायडर म्हणता येतं, बाकी पाणी आणि साखरेचा पाक. म्हणून पूर्ण रसाचा आहे असं स्पष्ट लिहिलेली बाटलीच घ्या. 'मीडियम' लिहिलेल्या सायडरमध्ये गोडवा वरून घातलेला असू शकतो, आणि तो पुष्कळदा कृत्रिम असतो.

फ्रेंच सायडरमध्ये गोडवा वरून घालावा लागत नाही. त्यामागची युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. थंडीत काढलेल्या रसातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, कॅल्शियमबरोबर घट्ट होतं, आंबण्याची नुकतीच सुरुवात झालेली असते, तिचे बारीक बुडबुडे त्या जेलीला वर उचलतात आणि पिंपाच्या तोंडाशी तपकिरी, जाडसर थर जमतो. खाली राहतो तो नितळ रस. यीस्टला लागणारं पोषण बरंचसं त्या थरात अडकलेलं असतं, म्हणून खालचा रस अलगद दुसऱ्या पिंपात काढला की यीस्ट अर्धपोटी राहतं. आंबणं महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि फळाची स्वतःची साखर शिल्लक असतानाच जवळपास थांबतं. थर नीट जमला नाही किंवा मोडून खाली बसला तर तो डाव फसला, त्या हंगामात पुन्हा संधी नाही.

असा सायडर मधाळ, गोलसर, बारीक फेसाचा असतो. तुरटपणा असतो, पण गोडव्याच्या आड. अल्कोहोलही कमी: गोड 'दू'मध्ये साधारण 2 ते 3 टक्के, त्यापेक्षा कोरड्या 'ब्रुत'मध्ये 4 ते 5. नॉर्मंडीतल्या पेई दोज आणि ब्रिटनीतल्या कोर्नुआय या दोन्ही प्रदेशांच्या सायडरना 1996 पासून मूळस्थानाचा अधिकृत दर्जा आहे. बाटलीवर ती नावं दिसली तर निर्धास्त घ्या. एरिक बोर्दले यांचे सायडर त्यांच्या नाजूकपणासाठी वाखाणले जातात, तर दुपाँ घराण्याचा सायडर जरा भरदार. नवख्या माणसाने 'ब्रुत'पासूनच सुरुवात करावी. 'दू' छान लागतो, पण दुसऱ्या पेल्यानंतर जड वाटू लागतो. सावध राहायचं ते बाटली उघडताना. आत दाब बराच असतो, त्यामुळे चांगली गार केल्याशिवाय बूच काढू नका.

स्पेनचा मामला पूर्ण वेगळा. अस्तुरियास आणि बास्क प्रांतातला नैसर्गिक सायडर गढूळ, जवळजवळ बिनफेसाचा आणि स्पष्ट आंबट असतो. व्हिनेगरची हलकी झाकही त्यात असते, आणि ती बिघाडाची खूण नव्हे. बास्कमधला अधिक धारदार, अस्तुरियासचा थोडा मवाळ. अल्कोहोल दोन्हीकडे 6 टक्क्यांच्या आसपास.

अस्तुरियासचा सायडर नुसता पेल्यात भरून प्यायलात तर निराशा होईल. बाटली डोक्याच्या वर धरायची, रुंद तोंडाचा पातळ ग्लास मांडीजवळ तिरका, आणि धार ग्लासाच्या आतल्या कडेवर आपटली पाहिजे. क्षणभर पांढरा फेस उठतो, आंबटपणा मवाळ होतो, फळाचा वास मोकळा होतो. एका वेळी दोन घोट पुरेल एवढंच ओतायचं आणि फेस विरण्याआधी संपवायचं. या सायडर-संस्कृतीचा 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. बास्कमध्ये सान सेबास्तियनजवळच्या अस्तिगारागा गावात जानेवारी ते एप्रिल हंगाम चालतो. प्रचंड पिंपाची तोटी उघडली की लोक रांगेने पुढे येतात आणि उडणारी धार ग्लासात झेलतात. सोबत कॉड माशाचं ऑम्लेट आणि जाडजूड भाजलेलं मांस. तेलकट जेवणाबरोबर ही आंबट धार जशी जुळते तसा बाकी दोघांपैकी एकही जुळत नाही. अस्तुरियासचं ट्राबांको आणि बास्कमधलं पेत्रितेगी ही मोठी, सहज सापडणारी नावं. लेबलवर 'सिद्रा नातुराल' असल्याची खात्री करा, कारण नुसतं 'सिद्रा' म्हणजे पुष्कळदा गोड, वायू भरलेलं पेय.

तर निवड अशी करा. वाइनची सवय असेल आणि रेड वाइनचा तुरटपणा आवडत असेल, तर थेट हेरफर्डशर गाठा. आंबट, आंबवलेल्या चवींची ओढ असेल, आंबट बिअर आवडत असेल, तर अस्तुरियास. पण ओतायला मोकळी जागा हवी आणि थोडं सांडलं तर चालणार असावं. दोन्हीपैकी काहीच खात्रीने सांगता येत नसेल तर पेई दोजचा 'ब्रुत'.

तिन्ही एकाच बैठकीत चाखायचे असतील तर आधी स्पॅनिश, मग इंग्लिश, शेवटी फ्रेंच. गोड आधी घेतला तर पुढचे दोन्ही उगाच कडक वाटतात. इंग्लिश फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतू नका, अर्धा तास बाहेर ठेवा. थंडपणात टॅनिन टोचतं आणि वास दबून राहतो. स्पॅनिश बाटली लवकर संपवावी, ती साठवण्यासाठी नाही. इंग्लिशमधली एखादी मात्र वर्षभर अंधारात उभी ठेवून पाहा, तुरटपणाची धार बोथट होत जाते.