जीआयएसएड: डेटा घ्या, पण देणाऱ्याचं नाव पुसू नका
साथीत व्हायरसचे जीनोम, म्हणजे त्यांचा अख्खा जनुकीय मजकूर, शेअर करायची ही सर्विस 2008 पासून चालू आहे, आणि खरं सांगू का, हिची गंमत सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, नियमांत आहे. लॉगिन फुकट, पण आधी अटी मान्य करा, सिक्वेन्स (वाचून काढलेला तो मजकूर) टाकणाऱ्या लॅबला श्रेय द्या आणि डेटा परस्पर दुसरीकडे वाटू नका. कटकट वाटते ना? पण 2007 च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने डब्ल्यूएचओला देणं थांबवलं होतं ते आठवा, नमुने आमचे, लस बनवणार दुसरेच आणि ती आम्हालाच परवडणार नाही असं त्यांचं म्हणणं, त्यात चूक काय होतं! असली नाराजी टाळायलाच हे नियम. नमुना कुठल्या लॅबने दिला नि सिक्वेन्स कुणी सबमिट केला हे इथे वेगवेगळं दिसतं, हे मला जाम आवडलं. आता वैताग. जेनबँक या सगळ्यांना खुल्या जनुकीय डेटाबेससारखं हे सरळ उघडं नाही, आणि कारभारात पारदर्शकता कमी अशी टीका शास्त्रज्ञांनीच केलीये, विश्वासावर चालणाऱ्या सर्विसला हे शोभत नाही बुवा. आणि नुसत्या श्रेयाने काय होतं, दक्षिण आफ्रिकेने 2021 मध्ये कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराची खबर लगेच दिली तर बक्षीस काय, इतर देशांनी तिकडची विमानं बंद केली! पाचपैकी साडेतीन स्टार.