एका शब्दासाठी तीन रविवार : दांडिया बाजारातील जर्मन वाचनवर्ग

बडोद्यात जर्मन शिकू इच्छिणाऱ्यांना वर्गांची वानवा नाही. उच्चशिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला जाणाऱ्या मुलांमुळे ए-वन ते बी-टू या भाषाज्ञानाच्या चढत्या पातळ्यांच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग अलकापुरीपासून मांजलपूरपर्यंत चालतात, आणि त्यांतल्याच एका वर्गातून मी बी-वन उत्तीर्ण झाले. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरही जर्मन कथेचे एक पान मला कोशाशिवाय वाचता येईना. म्हणून गेल्या जूनपासून मी दांडिया बाजारातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी भरणाऱ्या वाचनवर्गाला जाऊ लागले. वर्ग रविवारी सकाळी दोन तास असतो, विद्यार्थी नऊ आहेत, आणि तीन महिन्यांचे शुल्क साडेचार हजार रुपये आहे. मराठी मुले शिक्षिकेला बाई म्हणतात, गुजराती मुले बेन म्हणतात, आणि शिकवणे दोन्ही भाषांच्या आधाराने चालते.

या वर्गाचे वेगळेपण सांगायचे तर एकाच शब्दाचे उदाहरण देणे मला योग्य वाटते, कारण तो एक शब्द आम्ही सलग तीन रविवार शिकलो. शब्द होता ‘वेमूट’. लिहिताना तो डब्ल्यूने सुरू होतो, पण उच्चार आपल्या ‘व’चा, मधला एच उच्चारायचा नाही, तो फक्त आधीचा ‘ए’ लांबवतो. माझ्या जुन्या वर्गाच्या शब्दसूचीत त्यापुढे ‘दुःख’ एवढेच छापलेले होते, लिंगसुद्धा दिलेले नव्हते. तेवढ्या भांडवलावर वाचायला बसले की वाक्य कळल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात निसटून जाते.

बाईंनी अर्थ न सांगता आधी शब्द फोडला. ‘वे’ म्हणजे वेदना. ‘मूट’ म्हणजे आजच्या जर्मनमध्ये धैर्य, त्यामुळे नवख्या वाचकाला ‘वेदनेतले धैर्य’ असा अर्थ सुचतो आणि तो चुकतो. ‘मूट’चा जुना अर्थ मन, चित्तवृत्ती असा होता, इंग्रजीतला ‘मूड’ त्याच मुळाचा आहे. मनाला लागलेली सौम्य वेदना, असा ‘वेमूट’चा गाभा आहे. जे गेले ते परत येणार नाही हे मनाने स्वीकारले आहे, तरी त्याची आठवण आली की आत काहीतरी हलते, त्या अवस्थेसाठी जर्मन माणूस हा शब्द वापरतो. तो रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. कथा, कविता, पत्रे आणि निरोपाची भाषणे ही त्याची जागा आहे. योजेफ फॉन आयशेनडॉर्फ या कवीची याच शीर्षकाची कविता रॉबर्ट शूमान यांनी 1840 मध्ये आपल्या गीतमालेत स्वरबद्ध केली. बाईंनी तिचे ध्वनिमुद्रण ऐकवले, आणि अर्थाविषयी मनात राहिलेली शंका त्या चालीने बऱ्याच अंशी दूर केली.

मराठी प्रतिशब्दावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. माझे उत्तर ‘हुरहूर’ होते आणि ते बहुतेकांना पटले, परंतु बाईंनी त्यातली एक अडचण दाखवली. मुलगी सासरी जायच्या आदल्या रात्री आईला लागते तीही हुरहूरच, म्हणजे आपली हुरहूर पुढच्या गोष्टीचीही असू शकते. ‘वेमूट’ मात्र मागे वळून पाहते. ‘हळहळ’ म्हणावे तर त्यात पश्चात्तापाची किंवा चुटपुट लागल्याची छटा येते, जी येथे नको. भरुचहून येणाऱ्या एका मुलाने गुजरातीतला ‘झुरापो’ सुचवला. तो शब्द सुंदर आहे, पण झुरण्यात मिळवण्याची ओढ शिल्लक असते, आणि त्या ओढीसाठी जर्मनमध्ये ‘झेनझुख्ट’ हा वेगळा शब्द आहे. शेवटी वहीत मी ‘गतकाळाची हुरहूर’ असे लिहिले. एका शब्दाला दोन शब्द मोजावे लागले, पण माझ्या मते हा भाव त्यात नीट येतो.

दुसरा रविवार व्याकरणाचा होता, आणि या वर्गाची खरी गुणवत्ता मला त्या दिवशी कळली. जर्मन सामासिक नामाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते. मराठीतही तो वाडा म्हणून तो राजवाडा, ते घर म्हणून ते देवघर. तीन लिंगे मराठीत आहेत तशी गुजरातीतही आहेत, त्यामुळे बडोद्याच्या विद्यार्थ्याला हा भाग मुळातच अर्धा येतो, आणि बाई त्याचा पुरेपूर उपयोग करतात. जर्मनमध्ये लिंग नामाआधीच्या उपपदावरून कळते, पुल्लिंगाला ‘डेर’, स्त्रीलिंगाला ‘डी’. ‘मूट’ पुल्लिंगी, ‘डेर मूट’. मग नियमाने ‘डेर वेमूट’ व्हायला हवे होते. प्रत्यक्षात शब्द ‘डी वेमूट’ असा स्त्रीलिंगी आहे.

याच कुळातले इतर शब्द बाईंनी फळ्यावर दोन रांगांत लिहिले. स्त्रीलिंगी रांगेत आनमूट म्हणजे लालित्य, डेमूट म्हणजे विनम्रता, श्वेरमूट म्हणजे विषण्णता, झान्फ्टमूट म्हणजे सौम्य स्वभाव; पुल्लिंगी रांगेत होखमूट म्हणजे गर्व, युबरमूट म्हणजे मस्ती, उनमूट म्हणजे नाराजी. मृदू भाव स्त्रीलिंगी आणि उग्र भाव पुल्लिंगी, असा नियम मी मनात बांधला, आणि बाईंनी लगेच दोन शब्द वाढवले : ग्रोसमूट आणि एडेलमूट. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, मनाचा थोरपणा. तरी पहिला स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. अशा ठिकाणी सोपा नियम देऊन मोकळे होणारे शिक्षक मी पाहिले आहेत. बाईंनी तो नियम कुठे टिकतो आणि कुठे मोडतो ते दाखवले, आणि कारणही दिले. ‘डेमूट’ जुन्या जर्मनमध्ये ‘डिओमुओटी’ असा दीर्घ ईकारान्त, भाववाचक आणि स्त्रीलिंगी होता. शेवटचा स्वर काळाच्या ओघात गळाला, लिंग मात्र टिकून राहिले. ‘आर्मूट’ म्हणजे गरिबी, हा शब्दही दिसायला याच घरातला आणि स्त्रीलिंगी आहे, परंतु त्यात ‘मूट’ नाही. ‘आर्म’ म्हणजे गरीब, याला लागलेला तो जुना प्रत्यय आहे. अशी खोलवरची माहिती परीक्षेच्या वर्गात मिळत नाही, आणि ती मिळाल्यावर लिंग पाठ करावे लागत नाही, ते लक्षात राहते.

बाकीचे रूपज्ञान सोपे आहे. या शब्दाला अनेकवचन नाही आणि चारही विभक्तींत शब्दाचे रूप बदलत नाही, बदलते ते फक्त उपपद.

तिसऱ्या रविवारी वाक्ये लिहायची होती. रावपुऱ्यातला आमच्या आजोबांचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला, तो विषय मी घेतला आणि ‘रिकाम्या जागेपुढे उभी राहिले तेव्हा मला हुरहूर लागली’ हे वाक्य जर्मनमध्ये उतरवले. ‘मीर युबरकाम वेमूट’, असे माझे शब्द होते. बाईंनी ‘मीर’ खोडून वर ‘मिश’ लिहिले. मराठीत ‘मला’ हे एकच रूप द्वितीयेलाही चालते आणि चतुर्थीलाही, म्हणून आपला कान दोन्ही ठिकाणी एकच शब्द मागतो. जर्मनमध्ये ‘युबरकोमेन’ या क्रियापदाला द्वितीयाच लागते. त्यांनी शेजारी दुसरे वाक्य लिहिले, ‘मीर इस्ट वेम्यूटिश त्सुमूटे’, म्हणजे माझे मन हळवे झाले आहे. येथे चतुर्थीच बरोबर, आणि ‘त्सुमूटे’ या शब्दात ‘मूट’चा जुना, मन हा अर्थ आजही जिवंत आहे. दोन्ही वाक्यांत मराठीत ‘मला वाटते, मला होते’ याच वळणाने विचार होतो, आणि नेमकी तेथेच मराठी माणसाची चूक होते. हे बाईंनी ओळखले, कारण त्या स्वतः मराठी आहेत.

कोश कसा वापरावा हेही येथे शिकवतात. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डीडब्ल्यूडीएस हा कोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. शब्द कोणत्या विशेषणांबरोबर आणि क्रियापदांबरोबर येतो ते त्यात पाहता येते, व्युत्पत्तीही मिळते. ‘वेमूट’बरोबर ‘लायझे’ म्हणजे हलकी, हे विशेषण येते, असे आम्ही त्यातूनच शोधले. ग्रिम बंधूंचा महाकोशही तेथूनच उघडतो. त्या कोशाचे काम 1838 मध्ये सुरू झाले, पहिला खंड 1854 मध्ये निघाला, आणि याकोब ग्रिम 1863 मध्ये वारले तेव्हा काम ‘फ्रुख्ट’ म्हणजे फळ, या शब्दापर्यंत आले होते. तो पुरा व्हायला 1961 उजाडले. ‘वेमूट’ वर्णक्रमात जवळजवळ शेवटी असल्यामुळे त्याची नोंद पुढच्या पिढ्यांतील विद्वानांची आहे. हे ऐकल्यावर मी ती नोंद वाचली, आणि एवढ्या लोकांनी एका भाषेसाठी केलेल्या कष्टांबद्दल मनात आदर दाटून आला.

काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. वर्गात वाटल्या जाणाऱ्या छापील टिपणांत चुका आहेत. ‘वेमूट’च्या पानावर दोन ठिकाणी उपपदच राहून गेले आहे, आणि ज्या वर्गात लिंगावर दोन तास खर्च होतात तेथे हे खटकते. शुल्क तिन्ही महिन्यांचे एकदम भरावे लागते, ते महिनेवारी घेतले तर विद्यार्थ्यांना सोयीचे होईल. खोली लहान असल्याने मागच्या रांगेतून फळा नीट दिसत नाही. शिवाय तीन महिन्यांत पंधरा-सोळा शब्दांपलीकडे जाता येत नाही, त्यामुळे ज्यांना चार महिन्यांत परीक्षा द्यायची आहे त्यांनी येथे येऊ नये. त्यांच्यासाठी परीक्षेचे वर्गच योग्य आहेत. बी-वन झालेल्या आणि कथा-कविता मुळातून वाचण्याची इच्छा असलेल्या मराठी वाचकाला मात्र मी हा वर्ग मनापासून सुचवेन. सकाळी साडेनऊच्या आत पोहोचावे, म्हणजे पुढची जागा मिळते. सोबत कोरी वही आणावी आणि डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर मराठी लिहावे. माझ्या वहीत ‘वेमूट’समोरचे उजवे पान पूर्ण भरले आहे.