स्विव्हेल नसलेला सॉक: असिमेट्रिक स्पिनेकरचा एका हंगामाचा अनुभव

शीड, म्हणजे वारा मागून किंवा बाजूने असताना बोटीच्या पुढे फुग्यासारखे भरणारे असिमेट्रिक स्पिनेकर, उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची बरीचशी तक्रार शिडाबद्दल नसून ते ज्या लांब कापडी नळीतून वर चढते त्या सॉकबद्दल, आणि त्यातही सॉकच्या डोक्यावर नसलेल्या एका स्विव्हेलबद्दल, म्हणजे पीळ सोडवणाऱ्या फिरत्या कडीबद्दल, आहे. आमची 34 फुटी बोट मुंबई बंदरात मुरिंगला असते आणि तिचे आम्ही सर्व भागीदार पुण्यात राहतो, त्यामुळे कोणत्याही दुरुस्तीच्या खर्चात द्रुतगती मार्गाचा टोल धरावाच लागतो.

निवडीच्या वेळी शीड शिवणाऱ्या कंपनीचा आग्रह ए2 या प्रकारासाठी होता. या वर्गवारीत सम आकडे वारा मागून घेऊन जाण्यासाठी आणि विषम आकडे तो बाजूने घेण्यासाठी असतात, आणि ए2 चे रुंद खांदे हलक्या वाऱ्यात मागून फार छान भरतात. पण आमच्या किनाऱ्यावर सकाळचा मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या डाव्या कुशीवर येतो, आणि दुपारी खारा वारा वायव्येकडून उजव्या मागच्या बाजूने. दोन्ही वेळा एकाच शिडावर भागवायचे असल्याने आम्ही अरुंद खांद्यांचे ए3, पाऊण औंसाच्या नायलॉनचे, घेतले. वारा अगदी पाठीमागे आला की मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, त्याचा वारा अडवते आणि ते लुळे पडते. मग वाऱ्याशी 150 अंशांचा कोन ठेवून आलटूनपालटून जाइब करत, म्हणजे वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर घेत, जावे लागते, ज्यात अंतर साधारण साडेपंधरा टक्क्यांनी वाढते. म्हणजे सरळ जाताना पाच नॉट मिळत असतील, तर ही नागमोडी परवडण्यासाठी पावणेसहाच्या वर वेग हवा. 10 ते 12 नॉटच्या वाऱ्यात तो मिळतो. साध्या स्पिनेकरला लागणारा पोल, तो वर आणि खाली धरणारे टॉपिंग लिफ्ट आणि डाउनहॉल हे दोर, हा सगळा खर्च वाचतो, हे मी हिशेबात आवर्जून मांडतो.

रिगिंगमध्ये फारसे गूढ नाही. हॅल्यार्ड (शीड वर चढवणारा दोर) फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या, वरून आणि पुढून सुटायला हवा, दोन्ही शीटा (शिडाचा मागचा कोपरा ओढणारे दोर) श्राउड, म्हणजे डोलकाठीच्या बाजूच्या तारा, आणि लाइफलाइन, म्हणजे कडेच्या कठड्याच्या तारा, यांच्या बाहेरून मागच्या ब्लॉकपर्यंत (कप्पीपर्यंत) न्यायच्या, आणि टॅक लाइन, म्हणजे शिडाचा पुढचा खालचा कोपरा (टॅक) धरणारा दोर, कॉकपिटमधून सोडता-आवळता यायला हवी, कारण वारा मागे गेला की ती हातभर ढिली करावी लागते आणि बाजूला आला की ताणावी लागते. सुरुवातीला टॅक गुंडाळलेल्या जेनोआभोवती (नेहमीच्या पुढच्या शिडाभोवती) मण्यांच्या कॉलरने अडकवला होता, आणि बोस्प्रिट, म्हणजे बोटीच्या नाकापुढे काढलेला दांडा, ही हौशी लोकांची चैन आहे असे माझे ठाम मत होते. कापड पुलपिटच्या, म्हणजे नाकावरच्या कठड्याच्या, नळीवर घासून विरू लागल्यावर ते मत बदलले. अँकर रोलरवरून टॅक लाइन नेण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण रोलर खालच्या दिशेचा भार झेलण्यासाठी बनवलेला असतो आणि स्पिनेकर त्याला वर उचलतो. अखेर भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा आखूड स्प्रिट करून घेतला, त्याच्या टोकापासून खाली डायनीमा या मजबूत दोराचा बॉबस्टे, म्हणजे दांडा वर उचलू न देणारा ताण, बांधला, आणि घासण्याचा प्रश्न मिटला.

आता सॉक. हॅल्यार्डचे शॅकल थेट सॉकच्या डोक्यावरच्या पट्टीला अडकत होते, मध्ये स्विव्हेल नव्हते. पिशवीत भरताना शिडाला पडलेला पीळ वर गेल्यावर सुटायला जागाच नसल्याने तो सॉकच्या दोरीत उतरे. वर नेणारा आणि खाली ओढणारा असे दोन्ही पदर एकमेकांभोवती गुंडाळले जात, आणि खालचा पदर ओढला की वरचाही सोबत खाली येऊ पाही. परिणाम असा, की शिडावरून खाली ओढत आणायचे सॉकचे फायबरग्लासचे तोंड निम्म्या उंचीवर अडकून बसे, वरचा अर्धा भाग सॉकमध्ये आणि खालचा अर्धा फुग्यासारखा भरलेला. रायगडच्या किनाऱ्यावर ही निव्वळ गैरसोय राहत नाही, कारण समोर मच्छिमारांच्या डोल जाळ्यांचे फ्लोट दिसले की शीड मिनिटाभरात आवरावेच लागते. बोट वळवून वारा पाठीमागे घ्यायचा, शीड मेनसेलच्या आडोशाला आणायचे, शीट मोकळी सोडायची आणि मग दोरी ओढायची, हा क्रम तंतोतंत पाळूनही तोंड तिथेच राहत असे.

कंपनीचे पहिले उत्तर होते, की तुमचा हॅल्यार्ड पिळलेला असेल. दुसरे, की स्विव्हेल हा ‘ऐच्छिक भाग’ आहे. लाखाच्या घरातल्या वस्तूला किरकोळ किमतीचा भाग ऐच्छिक ठेवणे म्हणजे छत्रीला मूठ ऐच्छिक ठेवण्यासारखे आहे, असे मी त्यांना लेखी कळवले. या काळात सॉक काढून टॉप-डाउन फर्लर, म्हणजे शीड वरून खाली गुंडाळणारे यंत्र, बसवण्याचा माझा निर्णय जवळजवळ पक्का झाला होता. फर्लरची आणि त्याला लागणाऱ्या न पिळणाऱ्या दोराची किंमत ऐकून तो बारगळला. त्यांचे स्विव्हेल येण्याची वाट न पाहता बोहरी आळीतून एक आणले, भार पेलण्याची क्षमता आणि 316 चा शिक्का तपासूनच. त्या दिवसापासून तोंड एका ओढीत डेकपर्यंत येते, आणि आता मला फर्लर नको आहे: सॉकमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे आहे ते हाताने सुटते.

अनपेक्षित आनंद कामशेतने दिला. पुलपिटवर विरलेल्या जागेसाठी कंपनीने शीड परत पाठवा असे सांगितले होते. कामशेतच्या पॅराग्लायडिंगवाल्यांकडे रिपस्टॉप (सहज न फाटणाऱ्या) नायलॉनची चिकटपट्टी मिळते, तीच गोड्या पाण्याने धुऊन सुकवलेल्या कापडावर दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून लावली, आणि ती अजून सुटलेली नाही. पावसाळ्यापूर्वी मीठ काढण्यासाठी शीड धुणे अटळ आहे, पण नायलॉन उन्हात वाळवू नये, म्हणून ते संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर पसरावे लागते, आणि मग कार्य कोणाकडे आहे, ही चौकशी जिन्यापासून सुरू होते.

नवीन घेणाऱ्यांनी कोटेशनमध्ये सॉकच्या ओळीखाली ‘स्विव्हेलसह’ हे शब्द लिहून घ्यावेत आणि सॉकची लांबी शिडाच्या लफशी, म्हणजे पुढच्या कडेशी, ताडून पाहावी. कंपनीचे स्विव्हेल हंगाम संपल्यावर आले. ते मोफत होते, कुरिअरचा आकार मात्र बिलात लावला होता. तो मी दिलेला नाही.